जिन्यातली थोटकं

कुलकर्णी, सेक्रेटरी: तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर आज परत सिगरेटची सात थोटकं सापडली. झाडणाऱ्या मावशींनी कुंडीतनं वेचून दाखवली. नाव घेत नाही, पण कृपया हे बंद करा.

शेट्ये वहिनी, ३०१: धूर सरळ आमच्या स्वयंपाकघरात येतो. सासूबाईंना दमा आहे. काल रात्री दोनदा पंप द्यावा लागला.

पाटील, ४०२: टँकर किती वाजता?

कुलकर्णी, सेक्रेटरी: साडेअकरा.

अनिकेत, ३०३: मीच तो. वहिनी, सॉरी. थोटकं मी उचलतो. घरात चार महिन्यांची मुलगी आहे म्हणून बाहेर येऊन ओढतो. पण दिवसाला तीन-चारच होतात हो. माझे आजोबा ८४ वर्षांपर्यंत विड्या ओढायचे आणि शेतात राबायचे.

गोखले काका, १०१: अनिकेत, कबूल केलंस हे बरं केलंस.

सुनंदाकाकू, २०४: अनिकेत, मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज लिहिते, जरा लांबेल.
आमचे हे दिवसाला पाचच ओढायचे. अगदी मोजून. बत्तीस वर्षं. कॅन्सर झाला नाही त्यांना. दरवर्षी एक्स-रे काढून यायचे आणि मला म्हणायचे, काही नाही बघ. अठ्ठावन्नाव्या वर्षी देवळाच्या पायऱ्या चढताना मधेच थांबायला लागले. वय झालं, म्हणून आम्ही सोडून दिलं. मग एका डॉक्टरांनी नळीत फुंकायची ती तपासणी करायला लावली, स्पायरोमेट्री. सीओपीडी निघाला, फुप्फुसांचा जुनाट आजार. फुप्फुसातले बारीक फुगे फुटून एकमेकांत मिसळलेत, ते परत येणार नाहीत, असं सांगितलं.

सुनंदाकाकू, २०४: शेवटची चार वर्षं ऑक्सिजनच्या मशीनवर. रात्रभर त्याची घरघर. नाकाला नळी, ती न्हाणीघराच्या दारापर्यंतच पुरायची. आंघोळ स्टुलावर बसून, दोन तांबे घेतले की थांबायचं. वरण-भात अगदी मऊ कालवायचे, कारण चावतानाही धाप लागायची. आडवं झोपता यायचं नाही. पुढ्यात टेबल, त्यावर उशी, उशीवर डोकं. वीज गेली की मी सिलिंडरचा नट पान्याने सोडवायची. दोन मिनिटं लागायची. त्या दोन मिनिटांत ते काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्या हातांकडे बघत राहायचे.

शेट्ये वहिनी, ३०१: काकू 🙏 आम्हाला एवढं माहीतच नव्हतं.

पाटील, ४०२: पण काकू, हल्ली हवाच एवढी खराब आहे. सिगरेट न ओढणाऱ्यांनाही होतंच की.

डॉ. म्हात्रे, ५०१: पाटील, हवा खराब आहे हे खरंच. आपल्याकडे चुलीच्या धुराने बायकांना सीओपीडी होतो, तेही मी रोज बघतो. पण हवा आपल्या एकट्याच्या हातात नाही, सिगरेट आहे.

डॉ. म्हात्रे, ५०१: अनिकेत, तुझ्या आजोबांबद्दल बोलतो, राग मानू नकोस. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये डॉक्टरांचीच पाहणी सुरू केली. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टर, पन्नास वर्षं मागोवा. सतत ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. सरासरी म्हणजे काही जण ८४ गाठणारच. ते आपल्याला आठवतात, कारण नातवंडांनी त्यांना पाहिलेलं असतं. जे पन्नाशीतच गेले त्यांना नातवंडांनी बघितलंच नाही.

गोखले काका, १०१: अगदी खरं. माझे वडील ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेव्हा मी कॉलेजात होतो. माझ्या मुलांना ते फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत आहेत. विडी घरात सगळ्यांसमोर चालायची, कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

डॉ. म्हात्रे, ५०१: आणि 'तीन-चारच' हा हिशेब हृदयाला लागू पडत नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो वाढीव धोका, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. २०१८ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात हे आलं. रक्त गुठळ्या धरायला लागतं, त्याला थोडा धूरही पुरतो.
आपल्या देशात आणखी एक गोष्ट आहे, टीबी. प्रभात झा या संशोधकांच्या २००८ च्या अभ्यासात आपल्याकडे विडी-सिगरेटचे बळी वर्षाला सुमारे दहा लाखांवर जातील असा अंदाज होता, आणि त्यातले सत्तर टक्के तीस ते एकोणसत्तर वयातले. म्हणजे घर चालवणारी माणसं. मारणाऱ्या आजारांत कॅन्सर आणि हृदयविकाराबरोबर टीबीही होता.

अनिकेत, ३०३: डॉक्टर, मी ३३ चा आहे. दोनदा सोडून बघितली. तिसऱ्या दिवशी डोकं नुसतं भणभणतं, ऑफिसात कोणाशी धड बोलता येत नाही. आता सोडून काय फरक पडणार?

डॉ. म्हात्रे, ५०१: खूप पडतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या त्या पाहणीत तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी दहा वर्षं परत मिळवली, चाळिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांनी नऊ, साठीच्या सुमारास सोडणाऱ्यांनीही तीन. पहिले काही दिवस सगळ्यात जड जातात, मग ती तलफ हळूहळू उतरते. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, पण ते चघळायची पद्धत आहे, आधी माझ्याकडे ये. आणि पाकिटावर सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फोन फुकट आहे.

सुनंदाकाकू, २०४: अनिकेत, तोपर्यंत एक कर. बाहेरून ओढून आलास की लगेच बाळाला घेऊ नकोस. शर्ट बदल, चूळ भर, हात धू, थोडं थांब. धूर कपड्यांत आणि श्वासात राहतो रे.
आमचा नातू झाला तेव्हा ह्यांना त्याला उचलून चार पावलं चालता येत नव्हतं. मांडीवर दिला तर तो ती नळीच ओढायचा. मग लांबूनच बघायचे.

अनिकेत, ३०३: काकू, संध्याकाळी खाली येऊ का? पाकीट घेऊन येतो, तुमच्याकडेच ठेवा.

सुनंदाकाकू, २०४: ये. सातनंतर ये, आधी मी देवळात असते. बाळालाही आण.