जंताचं औषध पाजूनही हगवण? पर्णकृमी असतील

एकाने विचारलंय, फेनबेन्डाझोल हे जंताचं औषध पाजूनही रेडीची हगवण का थांबत नाही. आमच्या मुरबाडच्या गोठ्यात हेच झालं. भातकापणीनंतर ओल्या खाचरात जनावरं सोडली; महिनाभरात रेडीच्या जबड्याखाली लिबलिबीत सूज आणि शेण निव्वळ पाणी, वासानं गोठ्यात उभं राहवेना.

पाण्यातल्या गोगलगाईंमधून गवतावर येणारे पर्णकृमी, म्हणजे चपट्या जातीचे जंत, होते. त्यांची पिल्लं लहान आतड्याला चिकटून राहतात, मोठी झाली की वर पोटात सरकतात. फेनबेन्डाझोल गोल जंतांचं. पर्णकृमींना ऑक्सिक्लोझानाइड हे औषध लागतं, तेही वजन बघून, डॉक्टरांकडूनच. शेण तपासून अंडी दिसली नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका, पिल्लं अंडी घालत नाहीत. आम्ही तिथेच फसलो. पातळ शेण पाण्यात खळबळून बघा, तांदळाएवढे गुलाबी किडे दिसतात कधीकधी.