'डाऊन' आणि 'फेदर' दोन्ही पिसंच का? लेबलवर नेमकं काय म्हणायचं असतं?

नणंद अमेरिकेत असते, तिने दुकानातून दोन रजयांचे फोटो पाठवलेत. एकीवर नुसतं 'डाऊन' आणि दुसरीवर 'फेदर अँड डाऊन', पहिली बरीच महाग. मराठीत दोन्हीला पिसांची रजईच म्हणायचं का? आणि दोन्ही पिसंच असतील तर किमतीत एवढा फरक का?

उत्तर

ताई, दोन्हीला पिसं म्हटलं की ज्या फरकाचे पैसे घेतात तोच फरक शब्दात बुडून जातो. फेदर म्हणजे आपलं नेहमीचं पीस, मधे कडक दांडी आणि दोन्हीकडे चपटी झालर, उशीच्या अभ्र्यातून गालाला टोचते ती हीच दांडी. डाऊनला दांडीच नसते. बदक किंवा हंसाच्या बाहेरच्या पिसांखाली, विशेषतः छातीवर, एक मऊ थर असतो, त्यातला एक पुंजका हातात घेतलात तर एका बिंदूपासून चहूकडे बारीक तंतू सुटलेले दिसतात आणि त्या तंतूंमध्ये हवा अडकते म्हणून ऊब येते. मी याला 'लव' म्हणते, पिल्लाच्या अंगावर लव असते म्हणतोच ना आपण. 'पर' शब्द छान आहे, परांची गादी म्हणतातच, पण त्यात दांडीवालं पीसही येतं म्हणून इथे तो चालणार नाही.

आता लेबल. अमेरिकेत नुसतं 'डाऊन' लिहायचं तर आत निदान ७५ टक्के लव असावी लागते, उरलेल्यात पिसं, तुटलेले तंतू वगैरे आलं तर चालतं. पण '१०० टक्के डाऊन' किंवा 'प्युअर डाऊन' लिहिलं की मग आत फक्त लवच हवी. म्हणजे 'डाऊन' आणि '१०० टक्के डाऊन' हे एकाच मालाचे साधे आणि जोरदार उच्चार नाहीत, दोन वेगळे दावे आहेत, आणि दुकानात बहुतेक जण इथेच फसतात. 'गूज डाऊन' म्हटलं तर ९० टक्के माल हंसाचाच पाहिजे. 'फेदर अँड डाऊन' मध्ये आधी फेदर आलंय म्हणजे पिसं जास्त, म्हणून ती रजई स्वस्त. टक्के बघा, आणि ते वजनाचे असतात हे विसरू नका, पीस जड आणि लव हलकी.

दुसरं उत्तर

ट्रेकवाले डाऊन भरलेलं जॅकेट घेताना ८०० फिल पॉवर बघून घेतात आणि त्यांना वाटतं ८०० म्हणजे माल जास्त भरलाय, तर तसं नाहीये. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम लव सिलिंडरमध्ये ठरावीक वजनाखाली ठेवून ती किती घन इंच जागा व्यापते तो हा आकडा. ८०० म्हणजे तेवढीशी लव जवळपास १३ लिटर जागा भरते. यातून प्रत कळते, जॅकेटमध्ये एकूण किती भरलीय ते कळत नाही, त्याला फिल वेट बघायचं, ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ८०० चं पण जेमतेम भरलेलं जॅकेट ६५० च्या गच्च भरलेल्यापेक्षा थंड पडू शकतं. हिमालयात रात्री कॅम्पवर हे चांगलंच कळतं, त्यामुळे घेताना दोन्ही आकडे विचारा.

पहिल्या उत्तराला जोडून

अजून दोन शब्द राहिले. 'डाऊन अल्टरनेटिव्ह' मध्ये डाऊन असल्यासारखं वाटतं पण त्यात लव अजिबात नसते, बहुतेकदा पॉलिस्टर असतं. पॉलिस्टर वाईट नाही, धुवायला सोपं आणि ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं, पण ते डाऊनच्या भावात घेऊ नका. आणि 'डाऊनप्रूफ' हा शब्द वरच्या कापडाबद्दल आहे, विणकाम इतकं घट्ट की आतली लव बाहेर येऊ नये, आत काय भरलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. दुकानदार हाच शब्द दाखवून डाऊन आहे म्हणाला तर भरावाचं लेबल मागा.

मूळ प्रश्नकर्ती

कळलं. नणंदेला आतल्या शिवणीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढायला सांगितलंय. त्यावर 'ऑल न्यू मटेरियल' पण लिहिलंय म्हणते, ते काय?

उत्तर

भराव नवा आहे, आधी वापरलेल्या गादी-उशीतून काढलेला नाही, एवढंच. प्रतीबद्दल त्यात काही नाही. आणि ती चिठ्ठी काढली तर शिक्षा होईल असं खाली छापलेलं असतं ना, त्याला लोक उगाच घाबरतात, ती ताकीद विकणाऱ्यांसाठी आहे, विकत घेणाऱ्याने काढली तर काही होत नाही.