हाताला काम दोघांच्याही नाही, मग बेरोजगार आणि निवृत्त यांत फरक कसला?

अनुजा_व
सकाळी उठून दोघांनाही कुठे जायचं नसतं. तरी एकाला लोक विचारतात, "कुठे जमलं का काही?" आणि दुसऱ्याला, "आता निवांत ना?" माझ्या मते फरक पैशापेक्षा या अपेक्षेचा आहे. हेत्श्को, क्नाबे आणि श्योब या अर्थतज्ज्ञांचा २०१४ चा अभ्यास आहे, जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या पाहणीवर आधारलेला. बरेच दिवस बेकार असलेली माणसं निवृत्त म्हणून गणली जाऊ लागली की त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान चांगलंच वाढतं. दिनक्रम तोच, रिकामा वेळही तोच. नोकरीतून थेट निवृत्त झालेल्यांत असा बदल फारसा दिसत नाही. फक्त "काम का करत नाहीस?" हा प्रश्न गेला आणि माणूस सुखावला!

जुना_फिटर
अनुजाताई, पटलं नाही. पेन्शन नसलेल्या माणसाला निवृत्त म्हणवून काय मिळणार? जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने १८८९ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा आणला, तेव्हा वय ठेवलं होतं ७०. त्याआधी कष्टकरी माणूस हातपाय चालतील तोवर राबायचा, नंतर मुलं सांभाळतील तसं राहायचा. साध्या माणसाला थांबता आलं ते हक्काच्या पैशामुळे. बेकारभत्ता मिळतो तिथेही तो मुदतीचा, आणि काम शोधतोय हे दाखवत राहावं लागतं. पेन्शनरला हयातीचा दाखला दिला की झालं. झोप लागते ती यामुळे.

अनुजा_व
पैसा सगळं असता तर मारिएनथालमध्ये दिसलं ते कसं समजायचं? ऑस्ट्रियातल्या या गावची गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ मुबलक होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यावरून पुरुष किती वेगाने चालतात तेसुद्धा त्यांनी मोजलं. पावलं मंदावली होती, मधेच थांबत होती. भरपूर वेळ मिळूनही तो वापरायची उमेदच उरली नव्हती.

जुना_फिटर
ती माणसं अर्धपोटी होती हो. तुटपुंज्या भत्त्यावर घर चालवणाऱ्याने पुस्तक का उघडलं नाही, हे विचारायचं?

मेधा५४
माझी नोकरी कपातीत गेली. दीडेक वर्ष अर्ज केले, मग "मी निवृत्त झाले" असं सांगायला लागले. लोकांचे प्रश्न थांबले, खूप हलकं वाटलं. त्यामुळे अनुजा म्हणते ते मी अनुभवलंय. पण अर्ज करणंही तेव्हाच थांबलं.

उलटतपासणी
माझा आक्षेप इथेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येत बेरोजगार ठरायला तीन गोष्टी लागतात: काम नसणं, ते शोधत असणं आणि मिळालं तर रुजू व्हायची तयारी. शोधणं सोडलेला माणूस त्या मोजणीतून बाहेर पडतो. पन्नाशीनंतर कमी केलेला माणूस स्वतःला निवृत्त म्हणू लागला की त्याला का काढलं, वय पाहून अर्ज बाजूला ठेवले का, हे कोणालाच विचारावं लागत नाही. "आता आराम करा" हे वाक्य मला मायेचं वाटत नाही, रागच येतो त्याचा. समाधान वाढलं असेल, पण अन्याय होता तिथेच आहे. मेधाताई, तुम्हाला काम नको होतं का?

अनुजा_व
मग काय, साठीच्या माणसाने रोज नकार पचवत राहायचं? आकडा खरा राहावा म्हणून? हे फार निष्ठुर आहे.

उलटतपासणी
नकार देणाऱ्याला जाब विचारा, एवढंच म्हणतोय.

मेधा५४
हवंय की काम. आजही हवंय. पण निवृत्त म्हटलं नाही तर पाहुण्यांसमोर बसवत नाही, हेही तितकंच खरं आहे. आणि जुना_फिटर, पेन्शन सुरू व्हायला अजून बरीच वर्षं आहेत.