मिनिएचरच्या खेळासाठी सहा घरं करायची आहेत. नवीन एकच वस्तू घेता येईल, कोणती घेऊ?

दुपारचा_डाव

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र २८ मिमीच्या मिनिएचर (सैनिकांच्या छोट्या बाहुल्या) घेऊन छोट्या चकमकींचा डाव मांडतो. टेबल ४ फूट बाय ४ फूट. आतापर्यंत घरं म्हणून पुस्तकं आणि बुटांची खोकी ठेवत आलो, पण आता माणसं सगळी रंगवून झाली आहेत आणि त्यांच्या शेजारी ते उघडं खोकं डोळ्यांत खुपतं. महिन्याभरात सहा घरांचं गाव उभं करायचं ठरवलंय.

घरात आहे ते असं: पार्सलची जाड खोकी भरपूर, टूथपेस्टच्या खोक्यांचा पातळ पुठ्ठा, लाकडाचा पांढरा गोंद, पातं मोडत पुढे सरकवायचा कटर, प्लास्टिकची पट्टी, दोन जुने ब्रश, बारीक वाळू आणि चार अॅक्रिलिक रंग (काळा, पांढरा, तपकिरी, मातकट पिवळा).

बजेट: नवीन फक्त एक वस्तू, तीही लहान. दोन मिनिएचर कमी घेऊन तेवढे पैसे बाजूला काढलेत, त्यापुढे जाणार नाही.

ती वस्तू कोणती घेऊ? दार केवढं ठेवू? आणि छप्पर निघणारं करायलाच हवं का?

फोमप्रेमी

पुठ्ठ्याच्या नादी लागू नका. एक्सपीएस फोमची (दाट पॉलिस्टायरीनची) शीट आणा. थर्माकोल नव्हे हं! थर्माकोल म्हणजे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवलेले, कापला की मणी सुटतात आणि कड फाटते. एक्सपीएस आतून सलग आणि दाट असतो. बोथट बॉलपेनने त्यावर विटांच्या रेघा ओढता येतात, अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबत फिरवला की दगडाचा पोत येतो. सोबत हॉट वायर कटर (गरम तारेने फोम कापणारा) घ्या, सरळ कापायला त्याची गाइड घ्या, आणि तारेचा ब्रश. माझी पंधरा घरं अशीच झाली आहेत, एकही हाललेलं नाही.

त्रिमिती

एकच वस्तू म्हणताय तर थ्रीडी प्रिंटर घ्या. मी घेतल्यापासून कटरला हात लावलेला नाही. घर, विहीर, कुंपण, पिंपं, सगळं रात्रभरात तयार.

कापकाम

@त्रिमिती, धागाकर्त्याने "तीही लहान" असं लिहिलंय.

त्रिमिती

वाचलं. पण माणूस वर्षभर पुठ्ठा कापत बसला की शेवटी प्रिंटरच घेतो. मीही तेच केलं, म्हणून सांगतो की आधीच घ्या.

रंगीत_तालीम

एक्सपीएसला अनुमोदन, पण एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. दोन आठवडे खपून मी फोमचा बुरूज कोरला होता. दगड न् दगड वेगळा. आणि त्यावर थेट स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला. पाच मिनिटांत दगड खचायला लागले, कडा विरघळल्या, खिडकीची चौकट आत गेली. स्प्रेमधलं द्रावक आणि त्याला ढकलणारा वायू पॉलिस्टायरीन खातात. तेव्हापासून आधी काळा अॅक्रिलिक रंग आणि पांढरा गोंद समसमान घेऊन, किंचित पाणी घालून दोन हात देते. खाचाखोचा सगळ्या भरल्या पाहिजेत, टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी तिथून खड्डा पडतो. इन्स्टंट ग्लूसुद्धा फोमला खातो. त्या बुरुजाचा फोटो अजून बघवत नाही मला.

फोमप्रेमी

हो, हे मी लिहायला हवं होतं.

सनबोर्डवाले

फोम कशाला? सनबोर्ड घ्या. कडक, सपाट, पाण्याने फुगत नाही, रंग छान धरतो. मी सगळं सनबोर्डमध्ये करतो. हॉट वायरने कापता येईल का ते अजून पाहिलेलं नाही, पण फोमप्रेमींनी वर सांगितलंय तर तेही करून बघेन.

कापकाम

अहो, नका करू! सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. पीव्हीसीला गरम तार लावली की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, नाक-घसा जळतो, छातीला त्रास होतो. सनबोर्डला फक्त पातं. आणि एक्सपीएसवर गरम तार चालवतानाही खिडकी उघडी ठेवून पंखा धूर बाहेर ढकलेल असा लावायचा, तो धूरही चांगला नाही.

सनबोर्डवाले

बरं झालं विचारलं. पात्यानेच कापतो.

मोजपट्टी

दाराच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

२८ मिमीची मिनिएचर साधारण १:५६ धरतात. खरं दार २.१ मीटर उंच, भागिले ५६, म्हणजे साडेसदतीस मिमी. मिनिएचर बेसवर (पायाखालच्या चकतीवर) उभी असते, बेसचे ३ मिमी वाढतात, तेव्हा ४० मिमी उंची ठेवा. खरी मेख रुंदीत आहे. खरं दार ९० सेंटिमीटर रुंद, म्हणजे प्रमाणात १६ मिमी. तुमचा बेस २५ मिमीचा असेल तर तो त्या दारातून जाणारच नाही! म्हणून दार ३० मिमी रुंद करा. कागदावर ते बेढब दिसेल, टेबलावर मिनिएचर शेजारी उभी केली की कोणालाच खटकत नाही.

मजल्याचंही तसंच. प्रमाणात मजला ५४ मिमी येतो, पण एवढ्याशा जागेत बोटं घालून मिनिएचर उचलता येत नाही. मी ६५ ते ७५ मिमी ठेवतो. लांबी-रुंदीत मात्र उलट करायचं, कमी करायची. ४ फुटांचं टेबल म्हणजे प्रमाणात जेमतेम ६८ मीटर. त्यात खऱ्या मापाचे वाडे बसवलेत तर चालायला गल्ली उरणार नाही. १५० बाय १२० मिमीची सहा घरं पुरेत.

विटा कोरणार असाल तर त्याही मोठ्या करा. प्रमाणातली वीट ४ मिमी लांब आणि जेमतेम १ मिमी उंच होते, रंगाच्या पहिल्याच हाताखाली ती बुजते. ८ बाय ४ मिमीची वीट तीन फुटांवरून वीट म्हणून दिसते.

कापायच्या आधी एक मिनिएचर हातात घ्या, पुठ्ठ्यावर उभी करा आणि तिच्याभोवती पेन्सिलीने दार काढा. मी आजही प्रत्येक घराला हेच करतो.

बेसवर_उभा

मोजपट्टी यांनी छान लिहिलंय, पण २८ मिमी हे माप डोळ्यांपर्यंतचं असतं, डोक्यापर्यंतचं नाही. त्यामुळे १:५६ नेहमीच लागू होत नाही.

मोजपट्टी

म्हणूनच "साधारण" लिहिलंय. उत्पादकागणिक माप बदलतं.

बेसवर_उभा

काही जण १:६४ धरतात. त्या हिशोबाने दार ३३ मिमी येतं.

मोजपट्टी

३३ मिमीचं दार करून त्यात आजची जाडजूड शरीराची मिनिएचर बेससकट उभी करून बघा. टोपी चौकटीला लागते.

दुपारचा_डाव

मोजपट्टी, मनापासून धन्यवाद. बेस २५ मिमीचेच आहेत, आत्ताच एक उभा करून पाहिला. मी २० मिमी रुंदीचं दार आखलं होतं, खोडलं.

बाकीच्यांना पुन्हा विनंती, वस्तू एकच आणि लहान. शीट, हॉट वायर, गाइड आणि ब्रश मिळून चार होतात.

फोमप्रेमी

मग निदान शीट तरी घ्या. एक शीट बरीच पुरते.

जुनाखेळगडी

अवांतर: घरं आणि जमीन हलवता येण्याजोगी करायचं वेड आजचं नाही. १८१२ मध्ये गेओर्ग लिओपोल्ड फॉन रायस्वित्झने प्रशियाच्या राजाला, तिसऱ्या फ्रेडरिक विल्हेल्मला, युद्धखेळाचं एक अख्खं टेबल करून दिलं होतं. त्यात खण होते आणि जमिनीचे उठावदार चौकोनी तुकडे हवे तसे जुळवायचे. पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने तो खेळ १:८००० च्या कागदी नकाशावर आणला आणि सैन्यात तो पसरला, कारण नकाशा कुठेही नेता येतो. मी टेरेन (टेबलावरची घरं, जमीन) करताना हाच धडा पाळतो: जे उचलून नेता येत नाही ते खेळलं जात नाही. माझं पहिलं गाव एकाच मोठ्या फळीवर पक्कं चिकटवलं होतं. दोनच डाव झाले. तिसऱ्या वेळी फळी दारातून बाहेर निघेना. घरं सुटी ठेवा.

रंगीत_तालीम

अवांतर आवडलं. वाचनखूण साठवली.

कौलांचा_नाद

छप्पर निघणारं हवंच हवं! नाहीतर घराच्या आत लढायचं कसं? पातळ पुठ्ठ्याच्या १० मिमी रुंद पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीला ६-६ मिमीवर अर्ध्यापर्यंत चिरा द्यायच्या. खालच्या कडेपासून चिकटवायला सुरुवात करून वर वर जायचं, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर अर्धी चढलेली आणि अर्ध्या कौलाने सरकवलेली. मध्येच एखादं कौल उचलून ठेवायचं, एखादं तोडायचं. सहा घरांना चार-पाच संध्याकाळी लागतील, पण छपरासारखं दुसरं काही दिसत नाही. टेबलावरची घरं आपण वरूनच बघतो ना!

फोमप्रेमी

+१. छप्पर निघणारं हवंच.

बेसवर_उभा

+१. चार कोपऱ्यांत ५ बाय २ मिमीचे निओडिमियम मॅग्नेट लावा. एकच वस्तू घ्यायची तर मॅग्नेट घ्या. चिकटवण्याआधी ध्रुव तपासा, माझ्या एका छपराला उलटे बसले आणि ते अजून उडी मारतं.

सनबोर्डवाले

निघणाऱ्या छपराला माझंही अनुमोदन.

त्रिमिती

प्रिंट केलेलं छप्पर मॅग्नेटशिवाय खटकन बसतं.

कापकाम

मी पुठ्ठ्याच्या बाजूने लिहितो, कारण माझी सगळी घरं पुठ्ठ्याचीच आहेत आणि सहा वर्षं टिकली आहेत. पुठ्ठ्याचे शत्रू दोन, ओल आणि बोथट पातं. एकाच बाजूला गोंद किंवा रंग लावला की ती बाजू वाळताना आकसते आणि भिंत वाकते. म्हणून आतूनही तेवढाच हात द्यायचा, बाहेरची बाजू ओली असतानाच. नालीदार पुठ्ठ्याच्या नाळ्या भिंतीत उभ्या ठेवायच्या, आडव्या ठेवल्या की दाबाने भिंत बसते. जिथे वजन येणार तिथे दोन थर, एकाच्या नाळ्या दुसऱ्याच्या नाळ्यांना काटकोनात. उघड्या कडांवर कागदाची पट्टी गोंदाने चिकटवा, नाहीतर रंगवल्यावरही ते खोकंच दिसतं.

आणि पातं! दर घराला एक तुकडा मोडून फेका. पुठ्ठा पात्याला फार लवकर मारतो. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की पातं सटकतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर तीन टाके आहेत. प्लास्टिकच्या पट्टीची कड पातं सोलत जातं आणि त्याच सोललेल्या जागेवरून ते बोटावर चढतं.

शांतकुंचला

रंगांबद्दल कोणी लिहिलं नाही. तुमचे चार रंग पुरेसे आहेत, नवीन काही घेऊ नका.

भिंतीला आधी पातळ गोंद लावून वाळू भुरभुरवा, दिवसभर वाळू द्या. मग काळा आणि तपकिरी मिसळून सगळीकडे एक हात, कोपऱ्यात नीट घुसवून. त्यावर तपकिरी आणि मातकट पिवळ्याचा ओला हात, पण कोपरे आणि दारांच्या कडा सोडून. शेवटी मातकट पिवळ्यात पांढरा मिसळा, ब्रश कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि भिंतीवर वरून खाली हलका फिरवा. उठावावर तेवढा रंग बसतो, वाळूचा कण न् कण दिसायला लागतो. ड्रायब्रशला जुना, केस फिसकटलेला ब्रशच चांगला, तेव्हा तुमचे दोन्ही ब्रश कामाचे आहेत.

खिडक्यांखाली आणि पायथ्याशी पाण्यात खूप पातळ केलेला तपकिरी सोडा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे डबकी न होता तो खाचांत उतरतो. मी सहाही घरं एकदम रंगवते, एकेक नाही. एकाच वाटीतला रंग सगळ्यांना लागला की ते एक गाव वाटतं.

कौलांचा_नाद

छान. कौलांना मात्र वेगळा लाल लागेल, या चार रंगांत तो नाही.

दुपारचा_डाव

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. ठरलंय.

घरं पुठ्ठ्याचीच. छपरं निघणारी करणार नाही, आणि उतरतीही नाही. सगळी सपाट गच्चीची घरं. कारण आमच्या नियमांत घरात शिरलेल्या तुकडीला आत उभं करतच नाही, ती छपरावर ठेवतो आणि घर एकसंध धरतो. उतरत्या कौलांवर मिनिएचर घसरल्या असत्या आणि आतली खोली कोणी पाहिली नसती. माझ्या प्रश्नात हे लिहायचं राहिलं, ती चूक माझी. पण कौलांच्या प्रतिसादामुळेच लक्षात आलं की आम्ही वर उभे राहतो.

गच्चीला पुठ्ठ्याचे दोन थर, नाळ्या काटकोनात. कठड्याची उंची १५ मिमी, म्हणजे मागे उभा असलेला सैनिक कंबरेपासून वर दिसेल आणि आडोसा आहे की नाही यावर वाद होणार नाही. दारं ४० बाय ३०.

आणि ती एक वस्तू: स्टीलची पट्टी. कोणी थेट सुचवली नाही, पण कापकाम यांच्या अंगठ्याबद्दल वाचून माझी प्लास्टिकची पट्टी उजेडात धरून पाहिली. एका कडेला चार ठिकाणी सोललेली आहे.

कौलांचा_नाद

सहाच्या सहा घरं सपाट? एक तरी कौलारू ठेवा हो. कोपऱ्यातलं, जिथे कोणी चढत नाही ते.

फोमप्रेमी

पुठ्ठ्याची गच्ची पावसाळी हवेत वाकणार. शीट घेतली असती तर बरं झालं असतं.

कापकाम

दोन्ही बाजूंनी गोंदाचा हात दिला तर नाही वाकत. पट्टीची खालची बाजू गुळगुळीत असेल तर तिथे सँडपेपरची बारीक पट्टी चिकटवा, सरकणार नाही.

दुपारचा_डाव

सँडपेपर आहे घरात. आज रात्री पहिल्या दोन घरांच्या भिंती कापतो.