नोकोर आणि नोकर

प्रश्न – 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात तेमुजिनच्या (पुढचा चंगीझखान) माणसांना 'नोकोर' म्हटलंय. आपला 'नोकर' तोच का? मराठीत तसाच उतरवला तर चालेल?

– शब्द तोच, मंगोलमधून फारसीत 'नौकर' होऊन आपल्याकडे आलेला. पण तिथे 'नोकर' लिहू नका, अर्थच उलटतो. नोकोर म्हणजे आपलं कूळ सोडून आपखुशीने नायकाला येऊन मिळालेला सोबती. परिच्छेद ९० पासूनचा प्रसंग पाहा. तेमुजिनचे आठ घोडे चोरीला जातात. माग काढताना त्याला घोडीची धार काढणारा बोओर्चू भेटतो. तो धारेचं कातडी भांडं तिथेच गवतात झाकतो, घरी न सांगता सोबत निघतो. घोडे सोडवून आणल्यावर तेमुजिन वाटा देऊ करतो. बोओर्चू घेत नाही. पगारावर राबणाऱ्याचा शब्द या पोराला कसा लावायचा?

– तेमुजिनची आई होएलुन मुलांना बजावते, "सावलीखेरीज सोबती नाही, शेपटीखेरीज चाबूक नाही." इथे मूळ शब्द नोकोरच आहे. 'सावलीखेरीज नोकर नाही' असं वाचून बघा, म्हणजे कळेल. शिवाय या ग्रंथाची मंगोल लिपीतली मूळ प्रत हरवली. आपल्या हाती आहे ते चिनी अक्षरांतलं लिप्यंतर, आणि त्यात शब्दाशेजारी चिनी अर्थ दिलाय. नोकोरला दिलेला अर्थही सोबती असाच आहे.

प्रश्न – मग फारसी साधनांतही 'सोबती'च घ्यायचं का?

– नाही, तिथे जपून. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या मंगोल दरबारातल्या रशीदुद्दीनने 'जामे-उत-तवारीख' हा इतिहासग्रंथ लिहिला, तोवर नौकर म्हणजे सरदाराच्या पदरचा माणूस झाला होता. मूळ चगताई तुर्कीतल्या बाबरनाम्यातले नोकरही हत्यारबंद शिपाई आहेत, घरगडी नव्हेत. दोन्हीकडे 'पदरचे लोक' चपखल बसतं. घरकामाचा वास या शब्दाला नंतर लागला.

– दोन चुका नेहमी होतात. 'नोकोद' दिसलं की काही जण टोळीचं नाव समजतात. ते नोकोरचं अनेकवचन आहे. आणि आजचा मंगोल कोश उघडला तर 'नवरा' हा अर्थ मिळतो. समाजवादी राजवटीत तोच शब्द 'कॉम्रेड' म्हणून चालला. तेराव्या शतकाच्या मजकुराला यातलं काहीच लावू नये.

– 'दारोगा'ही याच वाटेने आलाय. मंगोल 'दारुगा' हा जिंकलेल्या मुलखावर नेमलेला अधिकारी. भाषांतरात 'दारोगा' लिहिलं की वाचकासमोर ठाण्यातला पोलीस उभा राहतो, म्हणून 'दारुगा' ठेवून पहिल्या वेळी अर्थ द्यावा.