वशीकरणाला लगाम कुठे घालायचा?

वीसबाजू

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, प्रत्येकाने एक पात्र वठवायच्या फाशांच्या खेळांत फायरबॉलवरून, म्हणजे आगगोळ्याच्या मंत्रावरून, टेबलावर भांडण होत नाही. ८ सहाबाजू फासे टाकायचे, सेव्ह (वाचण्यासाठी समोरच्याने टाकायचा फासा) जमली तर निम्मं नुकसान, विषय संपला. भांडणं होतात ती सजेशनवरून, म्हणजे समोरच्याला सुचवलेली गोष्ट करायला लावणाऱ्या मंत्रावरून. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल (मंत्र), टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन टिकलं तर ८ तास, आणि त्यातून काय काय साधता येईल याला आकडाच नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या नियमांत अट होती की सुचवलेली गोष्ट ऐकायला वाजवी वाटली पाहिजे. पण त्याच मजकुरात उदाहरण काय दिलंय, तर सरदारीण वाटेत भेटणाऱ्या पहिल्या भिकाऱ्याला आपला लढाईचा घोडा देऊन टाकते. हे वाजवी असेल तर राजाने मुकुट उतरवून ठेवणं का नाही? २०२४च्या आवृत्तीने तर 'वाजवी' काढूनच टाकलं. आता सूचना २५ शब्दांत बसावी, करता येण्याजोगी असावी आणि तिच्यामुळे समोरच्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघडउघड इजा होऊ नये. मुकुट उतरवल्याने कुणाला ओरखडाही येत नाही. म्हणजे राज्य गेलं.

माझं म्हणणं असं की एकट्या सेव्हवर भागत नाही. सेव्हने दार उघडलं की नाही एवढंच कळतं. आत शिरल्यावर किती लुटायचं याचाही नियम हवा. मी सुचवतो तो असा: प्रत्येक महत्त्वाच्या पात्राच्या दोन निष्ठा आधीच लिहून ठेवायच्या. मोहिनी घाला, हुकूम सोडा, पात्र त्या दोन गोष्टींच्या विरुद्ध जाणार नाही. बाकी रान मोकळं. खजिनदार चावी देईल, पहारेकरी पाठ फिरवेल, पण स्वतःच्या मुलीला पकडून देणार नाही. आणि शत्रूने खेळाडूच्या पात्राला वश केलं, तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) फक्त उद्दिष्ट सांगावं. ते कसं गाठायचं हे खेळाडूच खेळेल.

मंत्रवेडी

आक्षेप. पुन्हा एकदा मारा एन्चांटरलाच, म्हणजे मोहिनी घालणाऱ्या जादूगारालाच.

आधीच काय काय सोसतोय तो? एल्फ आणि हाफ-एल्फना मोहिनीविरुद्ध ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून चांगला तो धरायचा. कितीतरी अनडेड (मेलेले तरी हिंडणारे) आणि यंत्रपुतळे चार्म, म्हणजे वश, होतच नाहीत. लढाई चालू असेल तर चार्म पर्सन या वश करणाऱ्या स्पेलवर समोरच्याला ॲडव्हांटेज. मोठा शत्रू आला की लेजेंडरी रेझिस्टन्स, म्हणजे दिवसातून साधारण ३ वेळा 'मी वाचलो' म्हणायचं आणि माझा स्पेल पाण्यात. एवढं सगळं ओलांडून एकदाचा स्पेल लागला, की तुम्ही कागद काढून म्हणणार, अरेरे, ही तर निष्ठा निघाली. आगीला कुणी विचारत नाही की जळणाऱ्याची निष्ठा कशावर आहे.

वीसबाजू

म्हणून तर 'आधीच लिहून' म्हटलं. ऐनवेळी सुचलेली निष्ठा धरायची नाही.

जुनाफासा

मंत्रवेडीताई, तुमचे पूर्वज फार सुखात होते. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकात चार्म पर्सन लागला की सुटायची पुढची संधी बळीच्या बुद्धीवर ठरायची. हुशार माणसाला काही दिवसांनी, मंद माणसाला काही महिन्यांनी! लोक अक्षरशः वश केलेल्यांची फौज घेऊन हिंडायचे. २०१४मध्ये तो एका तासावर आला, आणि वर असं कलम की तास संपल्यावर समोरच्याला कळतं, आपल्यावर जादू झाली होती.

माझ्या मते सगळ्यात चांगला लगाम हाच. निष्ठांच्या याद्या नकोत की जास्तीचे फासे नकोत. पहारेकऱ्याला वश करा, खुशाल आत जा. तासाभराने तो शुद्धीवर येईल, त्याला तुमचा चेहरा आठवत असेल आणि तो वरिष्ठांकडे जाईल. बहुतेक डीएम हे कलम विसरतात आणि मग तक्रार करतात की मोहिनी फार ताकदवान आहे. शहराने दोन-तीनदा मार खाल्ला की ते शहाणं व्हायला नको का? दरबारात कुणी हातवारे करत पुटपुटायला लागला तर सैनिकांनी तलवारी उपसायलाच हव्यात.

मंत्रवेडी

हे मान्य. परिणाम भोगायला मी तयार आहे. हात बांधून घ्यायला नाही.

पडद्याआडून

जुनाफासा, सटल स्पेलवाला सॉर्सरर, म्हणजे गुपचूप स्पेल टाकणारा जादूगार, विसरलात. चार्म पर्सनला फक्त शब्द आणि हातवारे लागतात, आणि सटलने दोन्ही गायब होतात. दरबाराला दिसणार काय?

मी सध्या पाथफाइंडर या अशाच खेळाची दुसरी आवृत्ती चालवतो. तिथे या प्रश्नाला गणिती उत्तर आहे. यश-अपयशाच्या चार पायऱ्या असतात, आणि 'इन्कपॅसिटेशन' अशी खूण असलेल्या स्पेलपुढे, समोरच्याची लेव्हल स्पेलच्या रँकच्या (दर्जाच्या) दुपटीहून जास्त असेल, तर त्याची सेव्ह एक पायरी वर सरकते. तिसऱ्या रँकचा स्पेल सातव्या लेव्हलच्या किंवा वरच्या शत्रूवर टाकलात तर त्याचं अपयश यश धरलं जातं, आणि घोर अपयश साधं अपयश धरलं जातं. मुख्य खलनायक एका फाशावर गुलाम होत नाही, किरकोळ प्यादी होतात. वाद घालायला जागाच नाही.

मंत्रवेडी

वाद नाही कारण कुणी ते स्पेल घेतच नाही! घेतले तरी सगळ्यात वरच्या रँकला. खालच्या रँकची मोहिनी पुढे-पुढे शोभेपुरती उरते.

तिसरा_घोट

तुम्ही सगळे मोहिनीला हत्यारच समजून बोलताय. व्हॅम्पायर: द मास्करेड हा रक्तपिपासूंचा खेळ खेळून बघा. दुसऱ्याच्या मनावर ताबा ही तिथे कथेची भीती आहे. तीन वेगवेगळ्या रात्री एकाच व्हॅम्पायरचं रक्त प्यायलात की तुम्ही त्याचे बांधील. दोन घोट झालेले असतात आणि तिसऱ्या रात्री तुमचं पात्र तहानेने वेडं झालेलं असतं, ती वेळ कुठल्याही बॉस-फाइटपेक्षा भारी. तुमच्या निष्ठा इथे लावल्या तर त्या गोष्टीतला जीवच जाईल. एखाद्याला स्वतःच्या निष्ठेविरुद्ध जावं लागणं हाच तर तो खेळ.

तरी लगाम तिथेही आहे, फक्त वेगळ्या जागी. डॉमिनेटला, म्हणजे तिथल्या हुकूम सोडायच्या शक्तीला, नजरेला नजर लागते. म्हणजे ज्याला वाचायचंय त्याच्या हातात काहीतरी उरतं: मान खाली घाल, अंधारात बोल. मला वाटतं चांगली मर्यादा तीच, जिच्याशी समोरचा खेळू शकतो.

वीसबाजू

शेवटचं वाक्य पटलं. भयकथेत निष्ठा तुटल्या पाहिजेत हेही पटलं, पण तिथे खेळायला बसणाऱ्याला आधीपासून माहीत असतं की आपण हेच खेळायला आलोय. साहसकथेच्या टेबलावर ते गृहीत धरता येत नाही.

पानपलटी

मला खेळाडूच्या पात्राचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, त्यावर कुणी फारसं बोललंच नाही. होल्ड पर्सन लागला की मी पुतळा होऊन बसते, माझी पाळी आली की फक्त सेव्ह टाकायची. सगळ्यात कंटाळवाणी शिक्षा, पण तिला कुणी अन्यायी म्हणत नाही. आणि ताबा घेणारा डॉमिनेट पर्सन? तो निदान माझ्याकडून काहीतरी करवून घेतो. वर २०१४च्या नियमांत तो जेमतेम १ मिनिटाचा, आणि मार बसला की नवी सेव्ह. म्हणजे साथीदाराने मला एक थोबाडीत द्यायची. किती छान दृश्य! मला वश झालेलं पात्र खेळायला आवडतं. कुठल्याही अटीशिवाय.

वीसबाजू

तुम्हाला आवडतं. शेजारी बसलेल्याला विचारलंत का?

पानपलटी

विचारावं लागेलच असं नाही, आमिष दाखवता येतं. अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात (२०१०) एका खेळाडूने दुसऱ्याच्या पात्राला पटवायचा प्रयत्न केला, तर फासे त्याचा निर्णय घेत नाहीत. फासे चांगले पडले तर ऐकणाऱ्याला अनुभवाची खूण मिळते, नाही ऐकलं तर नकार देणंच जोखमीचं होतं. फेट या खेळातही असंच आहे: अडचणीत पडायला कबूल झालात तर एक पॉइंट मिळतो, नको असेल तर आपल्याकडचा एक मोजा. निवड शेवटपर्यंत खेळाडूची, फक्त तिला किंमत लागते. मोहिनीचे स्पेल असेच लिहायला काय हरकत आहे?

पडद्याआडून

आपल्याच पार्टीतल्या (सोबतच्या गटातल्या) माणसावर चार्म टाकणाऱ्याबद्दल काय? माझ्या टेबलावर सरळ बंदी आहे. 'माझं पात्र असंच वागलं असतं' हे ऐकून घ्यायची ताकद उरली नाही.

मंत्रवेडी

त्यावर माझंही तुमच्याशी एकमत आहे, आश्चर्य वाटेल. आणि प्रेमात पाडणाऱ्या मोहिनीवरही. पेयाने किंवा मंत्राने कुणाला शय्येपर्यंत नेणं माझ्या टेबलावर घडत नाही. पहिला फासा पडण्याआधीच लाइन्स अँड व्हेल्स (काय आणायचंच नाही, काय पडद्याआड ठेवायचं) ठरवायच्या, एक्स-कार्ड (नकोसा प्रसंग थांबवायचं कार्ड) समोर ठेवायचं. पण हा माणसांमधला करार झाला. त्याच्या नावाखाली स्पेलचे पंख कापू नका.

नवाकोरा_गडी

प्रश्न बाळबोध असेल. पर्सुएशनवर (मन वळवायच्या कौशल्यावर) नॅचरल २०, म्हणजे फाशावर थेट २०, आला तर राजा राज्य देतो का? आमच्याकडे एकाने मागितलं.

जुनाफासा

नाही देत. २०१४च्या नियमांत २० आला की हमखास यश हे अटॅक रोलला (हल्ल्याच्या फाशाला), स्किलच्या चेकला (कौशल्याच्या फाशाला) नाही. राजा फार तर हसेल आणि मान उडवण्याऐवजी हाकलून देईल. जादूने जे मिळतं ते नुसतं गोड बोलून मिळायला लागलं, तर या धाग्याला काही अर्थच नाही.

तिसरा_घोट

आठवण बदलणाऱ्या मॉडिफाय मेमरीचं काय करता तुम्ही लोक? पाचव्या लेव्हलला गेल्या २४ तासांतली १० मिनिटांपर्यंतची घटना बदलता येते, नवव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) वापरला तर आयुष्यातली कधीचीही. एनपीसीवर (डीएम चालवतो त्या पात्रावर) ठीक. पण खेळाडूवर टाकला तर त्याला स्वतःला सगळं माहीत असतं, फक्त पात्राला नसतं.

वीसबाजू

मी खेळाडूला बाजूला घेऊन नवी आठवण त्याच्याकडूनच रचून घेतो. रचणारा तोच असला की ती तो जीव ओतून खेळतो. आणि कुठेतरी एक विसंगती ठेवायला सांगतो, म्हणजे पार्टीला शोधून काढायला जागा राहते.

मंत्रवेडी

विसंगती का म्हणून? पाचव्या लेव्हलचा स्लॉट शत्रूनेही खर्च केलाय. सेव्ह हुकली तर आठवण बिनचूक बसली पाहिजे. तोडगा स्पेलमध्येच दिलाय: रिमूव्ह कर्स किंवा ग्रेटर रिस्टोरेशन. पार्टीला संशय आला तर क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) जाईल, नाही आला तर नाही.

वीसबाजू

संशय यायला काही धागा तरी हातात हवा ना?

मंत्रवेडी

तो डीएमने जगात पेरावा. एखादा साक्षीदार, एखादं पत्र. माझ्या स्पेलमध्ये भोक पाडून नव्हे.