प्रतिसाद: एक गेलं की दुसरं येतंच

हरणांच्या शिकारीवरच्या या चर्चेत वर कुणीतरी विचारलंय, ‘एवढं गोंडस हरीण मारवतं तरी कसं?’ अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात नवा होतो तेव्हा मीही हेच म्हणायचो. पण इथले लांडगे माणसानंच कधीचे संपवले, मग कळप आटोक्यात ठेवणार कोण? म्हणून शिकार, तीही नियमात: परवाना, ठरलेला हंगाम, इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून अंगावर भडक नारिंगी जाकीट. शेजारचे आजोबा तर जखमी जनावराचा माग अंधार पडला तरी सोडत नाहीत.

रस्त्यावर मात्र नोव्हेंबर सांभाळा, हरणांच्या माजाचा (मीलनाचा) काळ असतो, ती बेभान रस्त्यावर येतात. एकदा तिन्हीसांजेला एक मादी समोरून पळाली. मी हुश्श करून वेग वाढवला, तर मागून दुसरी थेट बॉनेटवर! हेडलाइटच्या फटीत राखाडी केस अडकले होते. ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग फिरवू नका. झाडावर आदळणं जास्त वाईट. आणि हो, गाडीचा विमा ‘काँप्रिहेन्सिव्ह’ (हरणाच्या धडकेचं नुकसानही भरून देणारा) आहे ना, ते आजच बघा.